सासूबाईंच्या कोटासाठी एक खुंटी

— नाही, त्या भिंतीचं नावच काढू नका, सुतारकाका. दिसते तशी नाहीये ती. वाजवून बघा हवं तर — ऐकलंत? नुसता पुठ्ठा. ह्यांनी मागे कुणाचं तरी ड्रिल आणलं, म्हणाले सुट्टीच्या दिवशी रांगेने खुंट्या लावून टाकतो, आणि पहिलाच स्क्रू जो आत गेला तो थेट शेजारच्या मावशींच्या स्वयंपाकघरात निघाला. आम्ही तोंड पाडून माफी मागायला गेलो, तर मावशींनी त्या टोकावर चहाची गाळणी लटकवून टाकलेली. म्हणाल्या, असू द्या, बरोब्बर हाताशी आलंय. आता तो स्क्रू काढायची सोय राहिली नाही, काढला तर त्यांची गाळणी पडते. म्हणून म्हणते, भिंतीवर काही नको, जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभं राहील असं काहीतरी करून द्या — कोटांचं झाड म्हणतात ना, तसलं. आणि टेप सांभाळा हं, ढब्बूच्या हाती लागली तर तोंडात घालेल. ढब्बू, सोड. सोड म्हटलं ना. काका ओरडतील. — ओरडा ना थोडंसं. राहू द्या, तुम्ही हसताय, त्याला वाटेल खेळच चाललाय.

जागा एवढीच आहे बघा. दार आत उघडतं, इथे चपला-बुटांचं कपाट, इथे ह्याची बाबागाडी, वर विजेचा मीटर, आणि उरलं ते हे — ही माझी दोन पावलं. घरात येणाऱ्याने आधी पोट आत घ्यायचं आणि मग स्वतः यायचं. आणि थंडी सुरू झाली की कोट. ह्यांचा कोट, माझा कोट, रेनकोट, ढब्बूचं ते कान असलेलं जाकीट. सगळं सध्या दाराच्या मुठीवर. मुठीवर कोट चढले की दार धड लागत नाही, दार लागलं नाही की वारा येतो, वारा आला की ढब्बू शिंकतो, आणि ढब्बू शिंकला की मी — जाऊ दे. मी कशी होते ते ह्यांना विचारा. काल तर ह्यांनी बाबागाडीवर कोट टाकला आणि मी घरभर ढब्बू शोधत हिंडले. तो कोटाखाली बसून बाही चघळत होता.

नाही, आधीही केलंय ना, केलं नाही असं नाही. मोबाईलवर बघून केलं. ह्याला पाजत बसलं की एक हात रिकामाच असतो, मग मी तेच बघते, लोकांनी दाराशी काय काय करून ठेवलंय ते. एकाने वाळकी फांदी उभी केली होती, कुंडीत, तिला कोट अडकवलेले — काय देखणं दिसत होतं, काका, घरात अंगण आल्यासारखं. मी म्हटलं हे तर फुकटातलं काम. बागेत वादळाने पडलेली एक फांदी मिळाली. ती बाबागाडीत घातली, ढब्बूला कडेवर घेतलं आणि रस्त्याने चालले. येणारी-जाणारी माणसं आधी गाडीत डोकवायची, लाडाने, आणि मग माझ्या तोंडाकडे बघायची. घरी आणून रंगाच्या डब्यात दगडगोटे भरून उभी केली. छान उभी राहिली. रात्रीत तिच्यातून मुंग्या निघाल्या. ह्यांच्या कोटाच्या खिशात गेल्या, हे खिशात हात घालून बसची वाट बघत उभे, आणि मग हे बसथांब्यावर जे नाचले — ह्यांच्याबरोबर कामाला असणारा एकजण बघत होता, म्हणून मला कळलं. स्वतः हे कशाला सांगतात.

मग ह्यांचीही कल्पना आली. उंटावरचे शहाणे आमचे. म्हणाले जमिनीवर जागा नाही ना, मग छताला शिडी आडवी टांगू, तिला कोट, आणि कप्पी लावू, दोरी ओढली की शिडी खाली. मी म्हटलं वा, म्हणजे रोज सकाळी विहिरीतून पाणी काढल्यासारखा कोट काढायचा, आणि दोरी तुटली की शिडी कुणाच्या डोक्यात? ढब्बूच्या. मला ती पडतानाच दिसली, काका, अजून आणलीही नव्हती तरी. मग मला जुन्या नळांच्या तोट्या लावलेला एक खांब आवडला होता, म्हणजे खुंटीच्या जागी तोटी. दिसायला मजेशीर. पण ढब्बूला फिरवायला काहीही चालतं, आणि भिजलेले रेनकोट त्यावर लटकले की तोट्या गळताहेत असंच वाटणार, मी रोज उठून बंद करायला जाणार. एक जिराफाचा होता. शिंगांवर टोप्या. शिंगं बघून मी तो मोबाईल उलटा करून ठेवला. असं टोक ह्याच्या डोळ्यांत —

तर तुम्ही असं करा. बुंधा जाड घ्या, आणि खाली वजन, भरपूर वजन, ह्याने धरून हलवलं तरी हलता कामा नये. नाकापेक्षा मोती जड होईल म्हणता, होऊ दे. खालच्या अंगाला खुंटी नको, हा लोंबकळेल. मधे नको, उद्या हा उभा राहिला की बरोब्बर डोळ्यासमोर येईल. अगदी वरही नको, वर सासूबाईंचा हात पोचत नाही. — म्हणजे? खुंटीच नको असं कुठे म्हणतेय मी? खुंटी हवी. खुंटीसाठीच तर सगळं चाललंय. फक्त खुंटीसारखी नको. गोल टोकाची, लाडवासारखी, आणि — हो, एकच पुरे. आमचे कोट राहू द्या मुठीवर, आम्हाला सवय आहे. एक खुंटी सासूबाईंच्या हाताला येईल अशी करा, दारातून आत आलं की समोर दिसेल अशी. आणि आजच्या आज झाली तर फार बरं. निदान बुंधा तरी.

हसू नका. तुम्हाला वाटत असेल, सासूच्या कोटासाठी एवढं जीव टाकणारी सून कुठली आलीय. तसं नाही. म्हणजे तसंच आहे, पण — चहा ठेवू का? ठेवते. तुम्ही मापं घ्या, मी इथूनच बोलते. सासूबाई दोन गल्ल्या सोडून राहतात, मोठ्या नणंदेकडे. रोज येतात. हे कामावर गेले की थोड्या वेळात बेल वाजते, त्याच. येतात, ढब्बूचा पापा घेतात, तिथे खुर्चीवर बसतात, आणि कोट काढत नाहीत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, हात मांडीवर, पर्स हातात. स्टेशनवर गाडीची वाट बघणारं माणूस बसतं ना, तशा. घरात हीटर चालू असतो, त्यांच्या कपाळावर घाम येतो, रुमालाने टिपतात, पण कोट नाही काढत. मी विचारायचे आधी, आई कोट काढता का, तर म्हणायच्या, नको गं, कुठे ठेवणार. आणि बघायच्या त्या मुठीकडे. मुठीवर आमचा ढीग. मला इतकी लाज वाटायची, मग मी विचारणंच सोडलं. थोडा वेळ बसतात, ह्याला मांडीवर खेळवतात, मला अंघोळीला पाठवतात, आणि मी बाहेर आले की उठतात. निघते म्हणतात. अन् गेल्या.

आता मला त्यांना एक विचारायचंय. फार दिवसांपासून ओठांवर आहे. मी शर्टाच्या कारखान्यात होते, काजं करायला, काजं म्हणजे बटणाची भोकं हो. सातवीनंतर घरच्यांनी शिलाईच्या वर्गात घातलं, तेव्हापासून हात मशीनवरच. तिथल्या बाईंनी माझं मशीन अजून झाकून ठेवलंय, दुसरीला बसू दिलं नाही. पण पुढच्या महिन्यात येणार असशील तर ये, नाहीतर तसं सांग म्हणाल्या. मग ह्याला कुठे ठेवू? पाळणाघर बघून आले. चांगलं होतं, स्वच्छ होतं, चित्रं होती भिंतीवर. पण एका मुलाचं नाक वाहत होतं, आणि त्याने हातातलं खेळणं दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मी ते खेळणं जिथे जिथे गेलं तिथे तिथे नजरेने गेले, आणि तिथल्या ताई मला काय सांगत होत्या त्यातलं अक्षर ऐकलं नाही. घरी येऊन ह्याचे हात धुतले. हा तर आलाही नव्हता बरोबर, मावशींकडे होता. तरी धुतले. तर आता एकच माणूस आहे जिच्या हातात ह्याला दिला तर माझं सुईकडे लक्ष राहील. त्या. पण कोट घालून बसलेल्या माणसाला काय विचारणार, सांगा तुम्ही. जी बाई माझ्या घरात धड टेकत नाही, तिला म्हणू, दिवसभर थांबा?

म्हणून हे झाड. आत आल्या की समोर एक रिकामी खुंटी दिसली पाहिजे. आपल्यासाठी ठेवलीय हे न सांगता कळलं पाहिजे. मग काढतील. काढला की बसतील, बसल्या की चहा घेतील, चहा घेता घेता मी विचारीन. एवढी सगळी गणितं घालून बसले होते, आणि काल — ढब्बू, नको रे, ती पेन्सिल काकांची आहे. असू द्या म्हणता? टोक आहे तिला. द्या इकडे, मी ठेवते.

काल हा त्यांच्या अंगावर दूध ओकला. भरपूर. इथून इथपर्यंत, कोटावर. मी ओलं फडकं घेऊन धावले. म्हटलं द्या, काढा लवकर, धुऊन टाकते, आणि मी वरच्या बटणाला हात घातला — मला बटण दिसलं की हात जातोच, सवय आहे. तर त्यांनी दोन्ही हातांनी कॉलर अशी घट्ट धरली. अशी. जसा मी चोर आहे आणि त्या रस्त्यात एकट्या आहेत. आणि म्हणाल्या, “हात लावू नकोस. मी जाते.” बस, एवढंच. ढब्बूला माझ्याकडे दिलं, तसाच ओला कोट, तशाच निघाल्या. पर्स विसरल्या. ती बघा, खुर्चीवर आहे अजून. मी हलवली नाही.

आणि आज आल्या नाहीत. बघा ना, ह्यांना जाऊन किती वेळ झाला. तुम्ही आलात तेव्हा बेल वाजली ना, मी पळत आले, तुम्हाला वाटलं असेल सुताराची एवढी वाट कोण बघतं. तुमचा राग नाही, काका, पण तुम्हाला बघून माझं तोंड उतरलं असेल तर माफ करा. फोन करावा तर काय बोलू? दुधाबद्दल बोलू की कोटाबद्दल? रात्रभर हेच, की ह्यांच्या आईला माझा हात लागलेला चालत नाही. शिकलेली सून हवी असेल. नणंदेची जाऊ शाळेत शिकवते. मी काजं करते. — हं? काय विचारलंत?

कोट किती लांब आहे. हो, ते खरंच, खाली लोळायला नको. लांब आहे चांगला. त्या बुटक्या आहेत माझ्याहून, माझ्या खांद्याला लागतात, आणि त्यांना कोट येतो — थांबा, दाखवते. गुडघा इथे, तर कोट गुडघ्याच्या खाली, पोटरीच्या अर्ध्यावर. इथे कोट संपतो, मग त्याच्या खाली ती निळी लेस, मग मोजे, मग बूट. — लेस म्हणजे कोटाची नाही हो. कोट काळा आहे. आतल्या कपड्याची. काल त्या उठल्या तेव्हा खालचं बटण निघालं होतं, म्हणून दिसली. नागमोडी लेस, निळी, आणि उलटी लावलेली, म्हणजे जी बाजू आत पाहिजे ती बाहेर —

थांबा.

थांबा हं, काका. एक मिनिट काही विचारू नका.

ती लेस मी लावलीय. उलटी लेस कोण लावेल दुसरं? मी गरोदर होते, मशीनवर बसलं की सगळं गरगरायचं, कारखान्यातल्या उरलेल्या कापडाचा एक गाऊन शिवला होता त्यांच्यासाठी, अंगभर, सैल. घरी नेऊन दिला आणि मग दिसलं लेस उलटी लागलीय. म्हटलं द्या, उसवून देते, तर म्हणाल्या राहू दे. त्यानंतर तो गाऊन काही मला दिसला नाही. मी म्हटलं दिला असेल कुणाला, फरशी पुसायला घेतला असेल. आणि तो — तो त्यांच्या अंगात होता. कोटाच्या आत. गाऊनवर येतात त्या. अहो, गाऊनवर!

तुम्हाला नाही कळायचं ह्यात काय आहे ते. माझ्या सासूबाई म्हणजे कोण, तुम्हाला ठाऊक नाही. हे एकदा घरातल्या पायजम्यावर खाली दूध आणायला निघाले, एवढे बाप झालेले, तर जिन्यातून परत पाठवलं, कपडे बदलायला लावले, तोवर दुकान बंद झालं. कोरा चहा प्यालो सगळे. उंबऱ्याबाहेर घरच्या कपड्यांत पाऊल पडता कामा नये, ही त्यांची शिस्त. आणि त्याच बाई रोज सकाळी दोन गल्ल्या, गाऊनवर कोट चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून — आणि मी वेडी त्यांना म्हणतेय काढा कोट. काय काढतील? सुनेसमोर? काल मी तर हातच घातला बटणाला. बरोबर आहे, कॉलर धरणारच. मीही धरली असती.

पण का? नाही, म्हणजे अंघोळ करून, नीट कपडे करून यायला काय झालं? घाई कसली आहे त्यांना? नणंदेकडे सगळं हातात मिळतं, कुणी उठ म्हणत नाही —

अच्छा. ह्यांनी सांगितलंय त्यांना. ह्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही ते. तसं काही फार नाही, काका. हे गेले की पहिला तास मला जमत नाही. दार लागतं ना, तो आवाज झाला की घर एकदम मोठं होतं, आणि हा झोपलेला असतो, आणि मला वाटतं हा श्वास घेत नाहीये. मी जाऊन नाकाखाली बोट धरते. घेत असतो. बाहेर येते. परत जाते, परत बोट. कधीकधी इतकं बोट धरते की हा उठतो आणि रडतो, मग मला बरं वाटतं, रडतोय म्हणजे — हसा, हसण्यासारखंच आहे. मी एकदाच बोलले ह्यांच्याजवळ, अंधारात, तोंड भिंतीकडे करून. पुन्हा नाही बोलले. हे म्हणाले, बरं, आणि झोपले. मला वाटलं ऐकलंच नाही.

त्याच आठवड्यापासून त्या यायला लागल्या. मुलगा कामाला निघायच्या वेळी उठत असतील, तोंडावर पाणी मारत असतील, आणि जे अंगात आहे त्यावर कोट. आणि मी अंघोळ करून बाहेर आले, म्हणजे तो तास सरला, की लगेच निघतात, कारण स्वतःची अंघोळ व्हायचीय ना अजून. बघा. आणि मी म्हणते टेकत नाहीत.

दूध उतू गेलं वाटतं. जाऊ दे. चहा राहिलाच तुमचा.

नाही, रडत नाहीये. वाफ लागली. — ढब्बू, बघ, आजी काय करते ते कळलं का तुला? तुला सगळं आधीच माहीत होतं, मांडीवर बसून खाली कोटात हात घालायचास ते. बोलता येत नाही म्हणून गप्प राहिलास. खरं बोलायचं तर मीही आत्ता गाऊनवरच आहे, वर ह्यांचा स्वेटर आहे एवढंच. मला कुणी काही म्हणत नाही. दोघी गाऊनवर बसू, चहा पिऊ, त्यात काय एवढं. लेस उसवून देते म्हणून सांगीन. नाही — उसवायची कशाला? मी काही बोलणारच नाही. बघितलंच नाही मी. फक्त —

शू. ऐका. जिन्यात. त्याच आहेत, त्यांचा एक पाय जरा जड पडतो. आल्या. काका, आल्या त्या.

तुम्ही आता निघा. हो, आत्ता, लगेच. रागवू नका, टेप घ्या, ही पेन्सिल घ्या, चहा पुढच्या खेपेला पाजते. मापं झाली तेवढी झाली. अहो, तुम्ही इथे बसलेले असलात तर त्या काय कोट काढणार आहेत का, परक्या माणसासमोर? जन्मात काढायच्या नाहीत. जिन्यात समोर आल्या तर नमस्कार करा आणि पायऱ्या बघत उतरा, कोटाच्या खाली काय आहे तिकडे बघू नका, माझी शपथ आहे तुम्हाला. झाड सवडीने करा. नाहीतर नका करू. कळवते मी. आज मी धरते कोट, माझे हात आहेत की. पाठीमागून धरायचा, मान वळवायची, अंगातून निघाला की तसाच आत नेऊन पलंगावर ठेवायचा. आणि मग विचारते. मशीनचं. विचारतेच आज.

या, आई. या ना आत. नाही, रडतेय कुठे? हे सुतार आहेत, निघालेच आहेत. — जा ना हो, काका. आणि दार लावून घ्या.